एक मीटर जवस

उधना स्टेशनात गाडी थांबली तेव्हा सकाळचे सव्वाआठ वाजले होते आणि मयुरी डब्याच्या दारात दोन भाऱ्यांच्या मधोमध अडकली होती. एक भारा खाली ढकलावा, तर दुसरा आडवा येत होता. मागे उतरणाऱ्यांची रांग, खाली चढणाऱ्यांची गर्दी, आणि दोन्हीकडून तिच्यावर रोखलेले डोळे.

"बेन, झाडूचं सामान असं डब्यातून आणत नाहीत," फलाटावरून कुणीतरी म्हणालं.

"झाडू नाही," मयुरीने मान वर न करताच उत्तर दिलं. "कापड आहे."

कुणी हसेल म्हणून तिने ओठ आवळून ठेवले होते. पण कुणी हसलं नाही. तिने वर पाहिलं. पलीकडच्या डब्यातून उतरलेला, खांद्यावर पिशवी अडकवलेला एक तरुण त्या वाळक्या, करड्या-पिवळ्या काड्यांकडे लक्षपूर्वक बघत होता.

"बरं," तो म्हणाला. "मग त्या कापडाचं एक टोक इकडे द्या."

एक भारा त्याने डोक्यावर घेतला, एक तिने. पुलाच्या तोंडाशी तिकीट तपासनीसाने हात आडवा केला. "यह क्या है?"

"कपडा है साहब," तिच्या आधीच तो गंभीरपणे म्हणाला. "सूरत में और क्या आएगा?"

साहेबांनी काड्यांकडे पाहिलं, त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि सकाळी सकाळी डोक्याला ताप नको म्हणून जा अशी मान हलवली. पूल संपेपर्यंत मयुरीने हसू दाबून धरलं. रिक्षापाशी पोहोचल्यावर मात्र तिला ते आवरेना.

तो हेमराज. नंदुरबारला मामाकडे जाऊन परतत होता. उधन्याच्या एका कारखान्यात लूमचा मेकॅनिक. भारा खाली ठेवताना त्याच्या हाताला एक सुकलेलं बोंड लागलं. त्याने ते चुरडलं, तपकिरी चकचकीत दाणे तळहातावर घेतले आणि सरळ तोंडात टाकले.

"ही तर अळशी. आई मुखवासात घालते."

"आम्ही जवस म्हणतो. दाणा मामाने झोडून घेतलाय. काड्या तिकडे जाळून टाकतात."

"आणि तुम्ही त्या सुरतेत जाळायला आणल्या?"

"लिनन कशापासून होतं, माहीत आहे?"

"मी लूमचा मेकॅनिक आहे. पॉलिस्टर कशापासून होतं तेही मला माहीत नाही. तुटलं की मात्र पहिलं मला कळतं."

"याच्यापासून होतं लिनन," ती म्हणाली. "याच्या सालीपासून. मला एक मीटर विणायचंय. जून संपायच्या आत."

"एकच मीटर?"

"आधी एक."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. रात्रभराच्या प्रवासाने विस्कटलेले केस, कपाळावर चिकटलेली एक काडी, आणि त्या सगळ्याशी काही देणंघेणं नसलेले तिचे डोळे. काडी काढून टाकावी म्हणून त्याचा हात थोडा उचलला गेला… आणि त्याने तो आपल्याच मानेवरून फिरवला.

"माझा नंबर घ्या," तो म्हणाला. "तुटायला लागलं की फोन करा."

मयुरीचे वडील, सुकदेव, उमरेडकडून लूमवर काम करायला सुरतेला आले त्याला आता तीस वर्षं होत आली होती. बमरोलीतल्या दोन खोल्यांत ती वाढली, कापडाच्या डिझाइनचा डिप्लोमा केला, आणि महेशभाईंच्या मिलमध्ये लागली. तिथे तिचं काम होतं पॉलिस्टरला लिननसारखं दाखवायचं. खऱ्या लिननच्या सुताला मधे मधे जाडसर गाठी येतात. त्या गाठी ती संगणकावर काढायची, आणि तशी नकली गाठ असलेलं कापड टेम्पो भरभरून बाजारात जायचं.

तीन वर्षं गाठी काढल्यावर एक दिवस तिने महेशभाईंना सरळ विचारलं, "खरंच का नाही करत आपण? आमच्या मामाकडे काड्यांचे ढीग जळतात."

"मयुरीबेन, आ सुरत छे," महेशभाई म्हणाले. पण ते चेष्टेखोर असले तरी वाईट नव्हते. "चला. जून संपेपर्यंत मला एक मीटर खरं दाखव. एक लूम तुझी. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मार्चमध्ये ती रजा टाकून उमरेडकडे किसनमामाच्या गावी गेली. जवस विळ्याने कापायचा नाही, मुळासकट उपटायचा, नाहीतर धागा आखूड होतो, असं तिने सांगितलं तेव्हा शेतातल्या बाया पदरात तोंड लपवून हसल्या. ती स्वतः वाकली आणि पहिली मूठ उपटली. संध्याकाळपर्यंत तिच्या तळहातांवर फोड आले होते, आणि दोन भारे झाले होते.

काड्या पाण्यात कुजवायच्या, म्हणजे साल सुटते. तिच्याकडच्या विलायती पुस्तकात लिहिलं होतं, दहा दिवस. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिने गच्चीवरच्या पिंपात पहिला भारा बुडवला. चौथ्या दिवशी वास सुटला. सहाव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या सरलाबाई नाकाला पदर लावून वर आल्या.

"मयुरी, मेलंय काय वर?"

"काही नाही काकू, जवस आहे. चार दिवस कळ काढा."

"चार दिवसांत आम्ही मरू गं बाई."

दहाव्या दिवशी तिने पिंपात हात घातला, आणि हाताला धागा लागला नाही. लागला तो काळा, बुळबुळीत लगदा. तिची आई, सुमन, मागे उभी होती.

"मामानं जीव काढून देलं होतं वं पोरी," आई हळू आवाजात म्हणाली. "जाऊ दे. कायले जिवाले त्रास करून घेतं?"

मयुरीने पिंप उलटं केलं, गच्ची तीनदा धुतली, सरलाबाईंच्या दारात जाऊन माफी मागितली. मग जिन्यात बसून फोन लावला.

"तुटलं का?" पलीकडून हेमराज म्हणाला.

"सडलं."

तो संध्याकाळी आला. गच्चीवर उकिडवा बसून त्याने तो लगदा बोटांत घोळवला, वास घेतला, पुस्तक मागितलं. फोटोतल्या टोप्या घातलेल्या शेतकऱ्यांकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"ही माणसं स्वेटर घालून उभी आहेत," तो म्हणाला.

"मग?"

"मग तिथल्या थंड पाण्याला दहा दिवस लागतात. इथे एप्रिलमध्ये आपण दहा दिवस पाण्यात राहिलो तर आपलीही साल सुटेल."

इतकी साधी गोष्ट… तिला स्वतःचा राग आला, आणि त्याच वेळी, का कोण जाणे, बरंही वाटलं.

"एक भारा उरलाय," ती म्हणाली. "तो मी सोडणार नाही."

"सोडायचा नाहीच. पण सरलाबाईंच्या डोक्यावर नको. बारडोलीजवळ माझी ताई आहे, रंजना. उसाच्या शेतावरच राहतात ते. पाण्याची टाकी आहे. येत्या रविवारी चल." मग जीभ चावून, "म्हणजे… चला."

"चल म्हटलंत तरी चालेल," मयुरी म्हणाली, आणि पुस्तक मिटायला उगीचच जास्त वेळ लावला.

भारा मोटरसायकलवर आडवा बांधून ते दोघं बारडोलीला गेले. दोन्ही बाजूंना ऊस, साखर कारखान्याकडून येणारा मळीचा आंबूस-गोड वास, आणि मधे एवढा मोठा भारा की मयुरीला हेमराजची फक्त कॉलर दिसत होती. रंजनाताईने दोघांना बघितलं, भाऱ्याला बघितलं, आणि काहीही न विचारता तीन भाकऱ्या जास्त थापल्या.

जेवताना मयुरीने आईने दिलेली जवसाची चटणी काढली. हेमराजने तीनदा वाढून घेतली.

"याची फुलं कशी असतात?" त्याने विचारलं.

"निळी. एवढीशी." तिने नखावर नख ठेवून दाखवलं. "सकाळी शेत बघितलं तर वाटतं, कुणी निळी साडी वाळत घातलीय. दुपारी पाकळ्या गळून गेलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी नवी फुलं."

"म्हणजे बघायचं तर सकाळी उठून जायला हवं."

"उशिरा उठणाऱ्याला दिसत नाहीत ती."

"मी रोज पाचला उठतो," हेमराज म्हणाला. रंजनाताई पाणी पिता पिता ठसकली. "आजपासून," त्याने दुरुस्ती केली.

तो खरंच उठला. पुढचे काही दिवस रोज पहाटे बारडोलीला जाऊन, एक काडी वाकवून, तिचा फोटो तो मयुरीला पाठवायचा, आणि मग कामावर जायचा. तिसऱ्या दिवशी साल चिकटलेलीच होती. चौथ्या दिवशी थोडी उचलली. पाचव्या दिवशी फोटो आला नाही, फोन आला.

"मयुरी… खालपासून वरपर्यंत. एका ओढीत निघाली. तुझ्या केसांसारखी दिसतेय."

"माझे केस काळे आहेत."

"उन्हात बघितलेत मी. टोकांना असेच आहेत."

ती फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. मग तिला आठवलं की भारा पाण्यातून आत्ताच्या आत्ता काढायला हवा. ती तेच बोलली.

वाळलेल्या काड्या धोपटून, खिळ्यांच्या फणीतून विंचरून, शेवटी हातात राहिल्या त्या करड्या रंगाच्या पाचसहा लडी. मे महिनाभर मिलमधून आल्यावर मयुरी चरख्यावर बसायची. बोटं सारखी पाण्यात बुडवायची, कारण कोरडं सूत तडकतं. आईने पंधरा दिवस नुसतं पाहिलं. सोळाव्या दिवशी ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "सरक. तुले पीळ देता येत नाही." त्यानंतर सूत दुप्पट वेगाने होऊ लागलं.

लूम हेमराजने शोधली. दगाकाका म्हणून एक म्हातारे विणकर होते. उधन्यात त्यांच्या चार जुन्या लूम, आडवा धागा धोट्याने टाकणाऱ्या, भंगारात जायच्या होत्या. त्यातली एक हेमराजने महिनाभरासाठी मागून घेतली आणि पट्टा काढून हाताने फिरवता येईल अशी केली. "मोटर लावली तर तुझं सूत एका मिनिटात जीव देईल," तो म्हणाला.

मोटर न लावताही सुताने जीव दिला. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे लूमच्या फणीत घासून तुटत होते. एक जोडावा, दोन तुटावेत. तीन दिवसांत चार बोटंही विणून झालं नाही. तांदळाची खळ लावली, मैद्याची लावली. वाळली की पापुद्र्यासारखी गळायची. जूनची पाच तारीख उजाडली.

चौथ्या दिवशी दगाकाकांच्या कारखान्यात हेमराज लूमला टेकून उभा होता. त्याने कारण नसताना तिसऱ्यांदा हात पुसले.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "मी इथिओपियाला चाललोय. तिकडे नवीन कापड गिरणी टाकतायत, लूम बसवायच्या आहेत. एक वर्षाचा करार. फेब्रुवारीतच सही केली होती… तू भेटायच्या आधी."

मयुरीच्या हातात तुटलेल्या धाग्याची दोन टोकं होती. तिने त्यांची गाठ मारली. गाठ सुटली. पुन्हा मारली.

"कधी?"

"अठ्ठावीसला."

"म्हणजे आपल्याकडे तेवीस दिवस आहेत," ती म्हणाली. "कापड होईल तेवढ्यात."

हेमराजने हातातलं फडकं लूमवर टाकलं. "तुला दुसरं काही म्हणायचं नाही?"

दगाकाका कोपऱ्यात चहा गाळत होते. बाहेर शेजारच्या कारखान्यातल्या लूमचा खडखडाट चालला होता. मयुरीला म्हणायचं होतं. पण जी मुलगी फलाटभर लोकांसमोर काड्यांना कापड म्हणाली होती, तिला हे साधं वाक्य जमेना.

"नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, आणि फणी साफ करायला घेतली.

घरी आई चुलत्याच्या म्हशीच्या गोष्टी सांगत होती. म्हैस आटली की जवस शिजवून द्यायचे. "चांगला रटरटला का नाही, का त्याचा चीक सुटते. बोटाले लागला तर धुतल्याशिवाय जात नाही, असा धरते."

मयुरीने ताट बाजूला सारलं. "आई, डब्यात दाणे किती आहेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जवसाचा कोमट, दाटसर चीक दोघांनी मिळून ताण्यावर लावला. ती एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने, ब्रश उलट्या दिशेने नेत. मधोमध बोटं भेटली. चिकट होती दोघांचीही, त्यामुळे लगेच बाजूला झाली नाहीत.

ताणा वाळला. हेमराजने चाक फिरवलं. धोटा गेला… आला. पुन्हा गेला. फणी खाली बसली. एकही धागा तुटला नाही. त्याने आणखी दहा फेरे फिरवले. मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "झालं तुझं. आता नुसतं विणायचं आहे."

"आपलं," ती म्हणाली. एवढं तिला जमलं.

पंधरा जूनला एक मीटर पुरं झालं. करडं, थोडं खडबडीत, आणि खऱ्या गाठी असलेलं.

महेशभाईंनी कापड खिडकीपाशी नेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं. गालाला लावलं. "वाह, मयुरीबेन. मानलं." मग टेबलाशी बसून म्हणाले, "आता असं करू. हे काचेत ठेवू, पुढे. गिऱ्हाईक बघेल, खूश होईल. मागे आपलं पॉलिस्टरच चालू दे. नाव याचं, माल तो."

"लूम द्यायचं ठरलं होतं."

"लूम आहेच ना. पॉलिस्टरची."

मयुरीने कापडाची घडी घातली, छातीशी धरली आणि म्हणाली, "मग हे मी घेऊन जाते. आणि मीही जाते." महेशभाई समजावत राहिले. ते रागावले नव्हते, गोंधळले होते. ती जिना उतरून रस्त्यावर आली.

त्या दिवशी तिने आणखी दोन कामं केली. कापड कुरियरने किसनमामाला पाठवलं. आत चिठ्ठी ठेवली: हे सगळ्यांना हात लावून बघू दे, आणि यंदा जवस उपटायला कोण कोण तयार आहे ते मला कळव. दुसरं काम काय होतं, ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती उधन्याला हेमराजच्या घरी गेली. तो घरी नव्हता, सामान घ्यायला बाजारात गेला होता. ते तिला माहीत होतं. दार त्याच्या आईने, प्रमिलाबाईंनी उघडलं.

"काकू, मी मयुरी."

"वळखं मी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "जवसवाली. बस. चहा लेशी का?"

"आधी बोलते. मग चहा देण्यासारखं वाटलं तर द्या." मयुरी खुर्चीच्या अगदी कडेला बसली. "मला हेमराजशी लग्न करायचंय. आम्ही विदर्भातले, तुम्ही खानदेशातले. जात वेगळी आहे. माझी नोकरी कालच गेली, म्हणजे मीच सोडली. भाकरी येते, पण गोल येत नाही. एवढं सगळं आधीच सांगते."

प्रमिलाबाईंनी पदर खोचला.

"घर इचारीसन उनी का?"

"विचारून नाही. सांगून आले."

"काय म्हने तुन्ही माय?"

"रात्रभर रडली. सकाळी उठून म्हणाली, जायचंच आहे तर रिकाम्या हाताने जाऊ नको." तिने पिशवीतून चटणीची बरणी काढून ठेवली. "बाबा अजून बोलत नाहीत. पण जाताना रिक्षा त्यांनीच थांबवली."

"आन मना पोऱ्याले इचारं का?"

मयुरी पहिल्यांदाच अडखळली. "नाही… तेवढंच राहिलंय."

तेव्हा दारातून पिशवी पडल्याचा आवाज आला. हेमराज उंबऱ्यात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. पिशवीतून दाढीचा साबण घरंगळत पलंगाखाली गेला.

"इचार मंग," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आते उना तो. मी चहा ठेवस." आणि आत गेल्या. स्वयंपाकघरात मात्र भांड्याचा आवाज काही आला नाही. त्या कान देऊन उभ्या असाव्यात.

मयुरी उभी राहिली. आज वाक्य तयार होतं.

"त्या दिवशी तू विचारलंस, दुसरं काही म्हणायचं नाही का. मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. मला तू हवा आहेस. लूमसाठी नाही. लूम मी दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेईन."

हेमराज हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते. "दुसऱ्याकडून कशाला? मी नाही जात. करार मोडतो."

"मोडायचा नाही. सही केलीस ना? मग जा."

"कमाल आहे. लग्न कर म्हणतेस आणि जा म्हणतेस."

"हो. दोन्ही. चोवीस तारखेला मुहूर्त आहे, मी गुरुजींना विचारलंय."

आतून चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

चोवीसला उधन्यातल्या लहानशा देवळात लग्न लागलं. सुकदेव शेवटपर्यंत गंभीर होते, पण अक्षता टाकताना त्यांची मूठ सगळ्यांत मोठी होती. रंजनाताई बारडोलीहून भाकऱ्यांची टोपली घेऊन आली, सरलाबाई चटणीची कृती विचारत फिरल्या. खरिपाच्या पेरणीत अडकलेल्या किसनमामाचा फोन आला तो नेमका मंगलाष्टकांच्या वेळी: नऊ घरं तयार आहेत, जवस ऑक्टोबरात पेरतो.

अठ्ठावीसला ढग भरून आले होते. विमानतळाच्या दाराशी हेमराज बॅगेचा पट्टा पुन्हा पुन्हा नीट करत उभा होता. आत जायची वेळ झाली होती आणि तो जात नव्हता.

"एक वर्ष," तो म्हणाला. "तू दगाकाकांच्या लूमवर बसशील, मी तिकडे… रोज फोन करीन. पाचला उठतोच मी."

"इथिओपियात डोंगराळ भाग आहे ना? थंड हवेचा?"

"आहे म्हणतात. का?"

"तिथे जवस पिकतो. फार पूर्वीपासून. तिकडची माणसं दाणा भाजून, कुटून खातात. मी वाचलंय." तिने त्याच्या कॉलरवरची अक्षत काढली. चार दिवसांनीही तिथेच चिकटून राहिली होती. "इकडे नऊ घरांची पेरणी करून दिली की नोव्हेंबरात मी तिकडे येते. काढणीला मामा मला बोलावेल, तेव्हा परत येईन."

हेमराजने बॅग खाली ठेवली. "म्हणजे जवस बघायला येणार. माझ्यासाठी नाही."

"दोघांसाठी. आधी कोण, ते तिथे आल्यावर ठरवीन."

"आणि पासपोर्ट?"

"अर्ज केलाय."

"कधी?"

मयुरीने बॅग उचलून त्याच्या हातात दिली आणि त्याला हलकेच दाराकडे वळवलं.

"तुझ्या आईला भेटायला आले ना," ती म्हणाली, "त्याच्या आदल्या दिवशी."